वारंवार आजारपणाची रजा, हातात पडलेली नोटीस आणि पुढचे सात महिने

नोव्हेंबर २०२३ मध्ये माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली, त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी मोबाईलवर ‘आजारपणाच्या रजेमुळे नोकरी जाते का’ एवढेच शोधत बसले होते. जे सापडले ते बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या अर्धपगारी रजेविषयी होते आणि मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीतल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅच विभागात काम करते. तिथे असल्या रजेचा प्रश्नच नसतो. माझ्यासारखीच रात्र काढणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून हे सगळे क्रमाने लिहीत आहे. मी वकील नाही. मला जे करावे लागले आणि त्यातले जे उशिरा कळले, तेवढेच सांगते.

जून २०२३ मध्ये संध्याकाळी अंग कसकसायला लागले. चारच्या सुमारास थंडी वाजायची, सातपर्यंत ताप भरायचा आणि सकाळी उठले की काही झालेच नाही असे वाटायचे. सोबत पोटात उजव्या बाजूला खाली दुखणे होतेच. घराजवळच्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हटले, मग टायफॉइड, मग पित्त. दोन दिवस घरी राहायचे, गोळ्या घ्यायच्या, कामावर जायचे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा तेच. पाच महिन्यांत तीन डॉक्टर झाले, तपासण्या आणि औषधे मिळून १४,६०० रुपये गेले आणि माझे वजन ५४ किलोवरून ४७ वर आले. ऑफिसमधल्या मैत्रिणी ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ म्हणत होत्या.

या काळात मी अकरा वेळा मिळून एकतीस दिवस घरी होते. एवढा नेमका आकडा मला आज ठाऊक आहे तो नोटिशीला उत्तर देताना बसून मोजला म्हणून. तेव्हा विचारले असते तर मी ‘बारा-पंधरा दिवस’ असे प्रामाणिकपणे सांगितले असते. आजारी माणसाला आपल्या रजा नेहमी कमीच वाटतात आणि साहेबांना त्या जास्त वाटतात. आमच्या नेमणूकपत्राप्रमाणे वर्षाला सात किरकोळ रजा आहेत. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाप्रमाणे मिळणारी भरपगारी रजा वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अशी साठत असे. आजारपणाची वेगळी रजा त्या कायद्यात नव्हती, हे मला नोकरीच्या पाचव्या वर्षी कळले. माझ्या एकतीस दिवसांपैकी सात किरकोळ रजेत गेले, बारा भरपगारीत आणि उरलेले बारा बिनपगारी.

सप्टेंबरमध्ये विभागप्रमुखांनी तोंडी समज दिली. १२ ऑक्टोबरला पहिला मेमो आला आणि मी त्यावर सही करून तो टेबलाच्या खणात ठेवून दिला, कारण उत्तर द्यायचे असते हेच माहीत नव्हते. दिवाळीच्या आधी दुसरा मेमो आला, त्यावरही सही केली. दिवाळी संपवून कामावर गेले तेव्हा, २० नोव्हेंबरला, एचआरच्या साहेबांनी बोलावून नोटीस हातात दिली. स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांप्रमाणे, ‘विनापरवानगी वारंवार गैरहजेरी’ हे गैरवर्तन असून आपणांस सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा, असा मजकूर होता. कागद दिल्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, “मॅडम, मी तुम्हाला घरच्यासारखं सांगतो. चौकशी लागली की पुढे कुठेही नोकरी मिळताना अडचण येते. त्यापेक्षा राजीनामा द्या, हिशेब लगेच करून देतो, अनुभवाचं पत्रही चांगलं देतो.” त्यांनी कोरा कागद आणि पेनही पुढे सरकवले होते.

मी सही केली नाही, पण त्यात माझे शहाणपण काही नव्हते. माझा हात थरथरत होता आणि मला ओकारी येईल असे वाटत होते, म्हणून मी ‘घरी विचारून सांगते’ म्हणून बाहेर आले. आता वाटते, त्या दिवशी ताप नसता तर मी कदाचित सही करून मोकळी झाले असते.

बाहेर मशीन शॉपमधले एक काका भेटले. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेला माणूस, पूर्वीच्या कारखान्यात युनियनचे काम केलेला. त्यांनी नोटीस वाचली, घडी घालून परत दिली आणि एकच प्रश्न विचारला, “ताई, ईएसआयचं कार्ड आहे ना? मग हे बाहेरच्या डॉक्टरांचे कागद कशाला गोळा करत बसलीस?”

माझा पगार महिन्याला १९,५०० रुपये. ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे ते राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजेच ईएसआयमध्ये, येतात. पगाराच्या पाऊण टक्का रक्कम आपल्याकडून कापली जाते आणि सव्वातीन टक्के कंपनी भरते. माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला १४७ रुपयांची ती ओळ चार वर्षे येत होती आणि मी तिच्याकडे प्रोफेशनल टॅक्सकडे पाहावे तशी पाहत होते. कार्ड घरात रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. ‘तिथे एक दिवस जातो’ असे सगळेच म्हणत, म्हणून कधी गेले नव्हते. त्यामुळे कायद्याने ज्याला आजारपणाचा दाखला म्हणतात, तो एकतीस दिवसांपैकी एकाही दिवसाचा माझ्याकडे नव्हता. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कंपनीने मोठ्या मनाने मान्य केल्या तर केल्या. विम्याच्या लेखी त्यांना किंमत नाही.

२२ नोव्हेंबरला, बुधवारी सकाळी साडेसातला, मी ईएसआयच्या दवाखान्यात रांगेत उभी राहिले. खिडकी साडेआठला उघडली, केसपेपर निघायला नऊ वाजले आणि डॉक्टरांपर्यंत पोचायला पावणेअकरा. दिवस जातो हे खरेच आहे. पण आतल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा मला वजनकाट्यावर उभे केले. काटा ४६ वर थांबला. त्यांनी विचारले, “जूनमध्ये किती होतं?” मी सांगितले. मग त्यांनी माझी चिठ्ठ्यांची पिशवी टेबलावर ओतली, तारखांप्रमाणे ओळीत लावली आणि प्रत्येक चिठ्ठीवरचा ताप एका कागदाच्या पाठीवर उतरवून घेतला. पाच महिन्यांत हे कुणी केले नव्हते. पोट तपासून त्या म्हणाल्या, “उद्या रुग्णालयात जा, मी संदर्भचिठ्ठी देते. तोपर्यंत कामावर जायचं नाही.” आणि त्यांनी त्या दिवसापासूनचा पहिला दाखला लिहून दिला. मागच्या एकतीस दिवसांचे काही करता येईल का, असे मी चाचरत विचारले. त्यांनी मान हलवली. ज्या दिवशी डॉक्टरांनी पाहिले त्या दिवसापासूनच दाखला मिळतो, मागच्या तारखेचा मिळत नाही.

त्याच संध्याकाळी खुलासा लिहायला बसले. काकांच्या ओळखीच्या एका वकिलांनी मसुदा तपासून देण्याचे २,५०० रुपये घेतले आणि ते वाजवी होते. माझ्या पहिल्या मसुद्यात मी दीड पान रडगाणे लिहिले होते: चार वर्षे प्रामाणिकपणे काम केले, घरी सासूबाई आणि चौथीतला मुलगा आहे, वगैरे. वकिलांनी ते सगळे काढायला लावले. त्यांनी सांगितले की आरोप ‘विनापरवानगी’ या शब्दावर उभा आहे, तेव्हा त्या एका शब्दाला उत्तर द्या. मग मी व्हॉट्सअॅपवरचे सुपरवायझरशी झालेले सगळे संदेश मागे जाऊन काढले. अकरापैकी आठ वेळा मी सकाळी सातच्या आत ‘सर, ताप आहे, आज येऊ शकत नाही’ असे कळवले होते आणि त्यांतल्या सहा वेळा त्यांचे ‘ओके’ आले होते. एका कागदावर मी तक्ता केला: कोणत्या तारखा, कुणाला कधी कळवले, काय उत्तर आले, कोणत्या डॉक्टरांची चिठ्ठी, आणि ती रजा मस्टरवर कोणत्या खात्यात टाकली गेली. शेवटचा रकाना वकिलांनी सुचवला. ज्या दिवसाची भरपगारी रजा कंपनीने स्वतः मंजूर करून पगार दिला, तो दिवस नंतर विनापरवानगी कसा ठरतो, एवढाच त्यातला मुद्दा होता. तीन वेळा मी काहीही कळवले नव्हते. ते तसेच, कारणासह, कबूल केले.

खुलासा २३ तारखेला ईमेलने पाठवला आणि त्याची प्रत पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने टाकली. दाखल्याची प्रत जोडली. पत्राच्या शेवटी एकच कायदेशीर वाक्य होते: तेव्हा लागू असलेल्या राज्य कामगार विमा अधिनियम, १९४८ च्या कलम ७३ प्रमाणे, कर्मचारी आजारपणाचा लाभ घेत असताना मालकाला त्याला कामावरून काढता येत नाही, पदावनत करता येत नाही की अन्य शिक्षा देता येत नाही आणि त्या काळात दिलेली बडतर्फीची नोटीस लागू होत नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मला आलेली कारणे दाखवा नोटीस २० तारखेची होती आणि दाखला २२ चा, त्यामुळे ती नोटीसच बेकायदा आहे असे म्हणण्याची सोय नव्हती. मी सप्टेंबरमध्येच त्या रांगेत उभी राहिले असते तर बहुधा ती निघालीच नसती.

पुढचे अडीच आठवडे तपासण्यांचे होते. सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, सीटी स्कॅन, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढणे. दुर्बिणीच्या आदल्या रात्री चार लिटर औषधी पाणी प्यायचे असते. त्याविषयी न लिहिलेलेच बरे. यातल्या एकाही तपासणीचे पैसे द्यावे लागले नाहीत, रिक्षाचे मात्र प्रत्येक खेपेला तीनशेच्या आसपास गेले. ९ डिसेंबरला निदान हातात आले: आतड्याचा क्षयरोग.

मला त्या क्षणी हायसे वाटले, हे लिहायला लाज वाटते, पण तसेच झाले. सहा महिने मी नाटक करते आहे असे इतरांना वाटत होते आणि हळूहळू मलाही वाटायला लागले होते. रोगाला नाव मिळाले. भीती घरी आल्यावर, सासूबाईंना सांगताना वाटली. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवायला बसले तेव्हा माझे ताट-वाटी वेगळे, खिडकीपाशी ठेवलेले दिसले. दोन दिवसांनी क्षयरोग केंद्राच्या आरोग्यसेविका घरी आल्या. माझी फुप्फुसे स्वच्छ असल्यामुळे माझ्यापासून कुणाला लागण होण्याचा धोका नाही, असे त्यांनी समजावून सांगितले आणि तरी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. सगळे ठीक निघाले. ताट आणखी आठवडाभर खिडकीपाशीच राहिले, मग आपोआप मांडणीवर गेले.

११ डिसेंबरला औषधे सुरू झाली. सरकारी कार्यक्रमात वजनाप्रमाणे गोळ्या ठरतात. माझ्या वजनाला दिवसाला तीन, त्याही एकदमच घ्यायच्या. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्रित गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. लघवी केशरी होते, ते पाहून घाबरू नये. माझी नोंद क्षयरुग्णांच्या सरकारी ‘निक्षय’ पोर्टलवर झाली आणि पोषण आहारासाठी तेव्हाच्या दराने महिन्याला ५०० रुपये बँकेत जमा होऊ लागले. पहिला हप्ता फेब्रुवारीत आला.

आता पैशांचे. आजारपणाचा लाभ म्हणजे सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, सलग दोन लाभ कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी मागच्या संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. माझा रोज ६५० रुपये धरला तर लाभ ४५५ रुपये. पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे म्हणून मिळत नाहीत, मात्र आधीचे आजारपण संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास ते दोन दिवस पुन्हा कापले जात नाहीत. माझ्यासारख्या दर दहा-बारा दिवसांनी आडव्या होणाऱ्या माणसासाठी हा नियम फारच उपयोगाचा होता आणि मी त्याचा पाच महिने काडीचाही उपयोग केला नाही. आणखी एक: ज्या दिवसाचा पगार किंवा भरपगारी रजा घेतली त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. म्हणजे एकतर हे, नाहीतर ते.

क्षयरोग हा ईएसआयच्या ३४ दीर्घ मुदतीच्या आजारांच्या यादीत आहे. त्यामुळे ९१ दिवस संपल्यावर विस्तारित लाभ मिळतो, तो ८० टक्के असतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि मागच्या चार वर्गणी कालावधींत, म्हणजे चार सहामाहींत, १५६ दिवसांची वर्गणी लागते, माझी होती. तज्ज्ञ डॉक्टरांची शिफारस लागते, ती मी जानेवारीतच मागून ठेवली आणि ते बरे झाले, कारण कागद फिरायला पाच आठवडे लागले.

दाखला दर आठवड्याला नव्याने घ्यावा लागे, पुढे तो मोठ्या मुदतीचा मिळू लागला. दोन दाखल्यांमध्ये एका दिवसाचीही फट राहू द्यायची नाही, हे मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवले होते. दाखला आणि मागणीचा फॉर्म ९ शाखा कार्यालयात द्यायचा, बँकेच्या पासबुकाची प्रत जोडायची. मग शाखा कार्यालय कंपनीला फॉर्म १० पाठवून विचारते की ही व्यक्ती या दिवसांत खरेच कामावर नव्हती ना. माझ्या पहिल्या मागणीचा हा फॉर्म एचआरच्या टेबलावर बावीस दिवस पडून होता. तिसऱ्या फोननंतर मी फोन करणे सोडले आणि दोन ओळींचे पत्र लिहून ईमेल केले, त्याची प्रत शाखा कार्यालयाला पाठवली. चौथ्या दिवशी फॉर्म पोचला.

मधल्या काळात घरचा हप्ता थांबणार नव्हता. नवऱ्याचा पगार आणि माझी बंद झालेली आवक यांचा मेळ बसेना, तेव्हा भविष्यनिर्वाह निधीतून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढली. तेव्हाच्या तरतुदीत क्षयरोग नावाने नमूद होता आणि त्यासाठी किती वर्षे नोकरी झाली याची अट नव्हती. ऑनलाइन फॉर्म ३१ भरला, ३०,००० रुपये मागितले आणि ते बारा दिवसांत आले. आधार आणि बँक खात्याची जोडणी आधीपासून झालेली होती म्हणून एवढ्यावर भागले. एका सहकाऱ्याचे नावाच्या स्पेलिंगवरून तीन महिने अडकले होते.

संक्रांतीला आईकडे कऱ्हाडला जायचे मनात होते. लाभ घेत असताना परवानगीशिवाय आपला भाग सोडायचा नाही, असा नियम आहे. डॉक्टर मॅडमकडून चार दिवसांची परवानगी केसपेपरवर लिहून घेतली आणि गेले. हसू येईल, पण कंपनीतल्या कुणीतरी माझा कऱ्हाडचा फोटो एचआरला दाखवला होता, असे नंतर समजले.

त्या फोटोचा परिणाम म्हणा किंवा नसेल, १९ जानेवारीला दुसरे पत्र आले. खुलासा असमाधानकारक असून ३१ जानेवारीपर्यंत हजर न झाल्यास आपले नाव हजेरीपटावरून कमी करण्यात येईल. मी खूप रडले. मग वकिलांना दाखवले. त्यांनी या वेळी पैसे घेतले नाहीत, आधीच्याच पत्रातले कलम पुन्हा लिहा म्हणाले, सोबत तोपर्यंतचे सगळे दाखले क्रमांक घालून जोडा. त्यांनीच दाखवले की ईएसआयच्या विनियमांप्रमाणे मालकाला दीर्घ आजाराच्या कर्मचाऱ्याला, सेवाशर्ती तशी मुभा देत असतील तर आणि रीतसर नोटीस देऊनच, कमी करता येते. साध्या आजारात ती वेळ सलग सहा महिन्यांच्या उपचारांनंतर येते आणि क्षयरोगासारख्या काही आजारांत अठरा महिन्यांनंतर. म्हणजे संरक्षण कायमचे नाही, पण मी तर त्या वेळी दुसऱ्याच महिन्यात होते.

या वेळी मी कामगार आयुक्त कार्यालयातही गेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी पत्र वाचून विचारले, “अजून काढलंय का तुम्हाला? नाही ना? मग वाद कसला?” हे ऐकून मी जवळजवळ परत फिरले होते. वकिलांनी सांगितलेले आठवले आणि म्हटले, “काही करू नका, फक्त अर्ज आवक करून माझ्या प्रतीवर शिक्का द्या.” तो दिला. त्या शिक्क्याची प्रत कंपनीला पाठवलेल्या उत्तराला जोडली. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही, कुणी फोन केला की नाही तेही माहीत नाही. ३१ जानेवारी उलटली आणि माझे नाव मस्टरवर तसेच राहिले. फेब्रुवारीत काकांनी स्वतः पाहून येऊन सांगितले.

मार्चपासून भूक लागायला लागली. एप्रिलमध्ये वजन ५० झाले आणि डॉक्टरांनी औषधे चालू ठेवून कामावर जायला हरकत नाही म्हटले. अखेरचा दाखला घेतला, त्यावर १५ एप्रिलपासून कामास योग्य असा शेरा होता. तोपर्यंत ९१ दिवसांचे ४१,४०५ आणि विस्तारित लाभाच्या ५२ दिवसांचे २७,०४० अशी रक्कम माझ्या हिशेबाने निघत होती. शेवटचा हप्ता मेअखेर जमा झाला.

१५ एप्रिलच्या सोमवारी सकाळी आठ वाजता गेटवर गेले तर माझे पंचिंग कार्ड चालेना. वॉचमनकाकांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, “साहेबांचा फोन येईपर्यंत सोडता येत नाही, ताई.” ओळखीचे लोक आत जाताना बघत होते. काहींनी हात केला, काहींनी मोबाईलमध्ये पाहिले. मी वॉचमनकाकांच्या रजिस्टरमध्ये माझी येण्याची वेळ लिहायला लावून खाली सही केली, कारण त्या दिवशी मी हजर झालेच नाही असे नंतर कुणी म्हणायला नको. दहा वाजून दहा मिनिटांनी आत बोलावले. कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवले, त्यांनी दाखला पाहिला, रक्तदाब मोजला आणि सही केली. डिस्पॅचची जागा भरली गेली होती. मला आवक नोंदींच्या टेबलावर बसवले. पगार तोच राहिला. पदनामही तेच राहील असे लेखी मागितले, ते मिळाले.

नोटिशीचे काय झाले, हे कुणी काढत नव्हते. मीही काढले नसते, इतकी थकले होते. पण ती फायलीत उघडी राहिली तर पुढच्या रजेला तिच्यावरूनच सुरुवात होईल, असे काका म्हणाले. म्हणून २२ एप्रिलला एक पानाचा अर्ज दिला. ३ मे रोजी उत्तर आले: खुलासा आणि वैद्यकीय कागदपत्रे विचारात घेऊन नोटीस निकाली काढण्यात येत आहे, भविष्यात रजेची पूर्वसूचना द्यावी. दीड ओळ. माझ्याकडे तिच्या पाच झेरॉक्स आहेत.

१० जूनला शेवटच्या तीन गोळ्या घेतल्या.

ऑफिसात सगळे पूर्वीसारखे झाले आहे असे मी म्हणणार नाही. विभागप्रमुख माझ्याशी कामापुरते बोलतात. मध्ये एकदा सर्दीने अंग दुखत होते, तेव्हा मी घरी न राहता कामावर गेले आणि संध्याकाळी मुकाट्याने घरी आले; हे काही बरोबर केले नाही, हे मला कळते. ऑगस्टमध्ये मात्र ताप आला तेव्हा सकाळी सातच्या आधी संदेश आणि ईमेल दोन्ही पाठवले, साडेसातला दवाखान्याच्या रांगेत गेले आणि दोन दिवसांचा दाखला घेतला. प्रतीक्षेचे दिवस असल्यामुळे त्याचे पैसे मिळणार नव्हते. कागदासाठी गेले होते.

रांगेत माझ्या पुढे एक तरुण मुलगा होता, वर्कशॉपचा निळा शर्ट घातलेला. त्याच्या हातात खासगी दवाखान्यांच्या चिठ्ठ्यांची तशीच पिशवी होती. नवा केसपेपर कुठे काढतात, एवढेच त्याने विचारले आणि मी त्याला सहा नंबरची खिडकी दाखवली.

जुलैमध्ये पगारवाढ झाली. इतरांना दीड हजार, मला नऊशे. पगार आता २०,४०० आहे आणि ईएसआयची ओळ १५३ रुपयांची झाली आहे. पुढच्या जुलैत साधी वाढ मिळाली तरी मी २१,००० च्या वर जाईन आणि ती सहामाही संपल्यावर, सप्टेंबरअखेर, ही ओळ माझ्या पगारपत्रकातून निघून जाईल. नवऱ्याच्या कंपनीच्या गटविम्यात माझे नाव घालता येते का आणि झालेल्या क्षयरोगाविषयी त्यांच्या फॉर्मवर काय लिहायचे, याची चौकशी सध्या चालू आहे.